सुजाताची खीर आणि आपल्या घरातले ताट

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या उपासिका मेळाव्यातील भाषण. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)



समितीने मला विषय दिला होता 'धम्म आणि आरोग्य'. ३४ वर्षे परिचारिका म्हणून नोकरी झाली आहे, तेव्हा ताई आता रक्तदाबावर आणि साखरेवर बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. ते मी मागच्या खेपेला बोलले. आज मी अशा एका आजाराबद्दल बोलणार आहे, जो याच विहारात, आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत वाढला आणि आपण त्याला टाळ्या दिल्या. पहिली टाळी माझी होती.

गोष्ट आमच्या घरातली आहे. माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तिचे नाव मी घेणार नाही. आपल्यातल्या पुष्कळांना ते ठाऊक आहे, पण स्मरणिकेचा कागद वर्षानुवर्षे राहतो. हे भाषण लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिले. तिने दोन ठिकाणी काट मारली आणि एका ठिकाणी समासात लिहिले, 'आत्या, इथे खरं सांग.' ते खरे मी पुढे सांगेन.

२०२२ चा वर्षावास. पोर १७ वर्षांची, बारावी सायन्सला. आषाढ पौर्णिमेला तिने अष्टशील घेतले. दुपारी बारानंतर अन्न नाही, पांढरी साडी, खाली चटईवर झोप. आम्हां सगळ्यांना कौतुक. मग अष्टमीला घेतले, मग प्रत्येक रविवारी, आणि भाद्रपद लागेपर्यंत रोजच. आता बारापर्यंत तरी ती काय खात होती? अर्धी भाकरी, तीही कुस्करून ताटभर पसरलेली, म्हणजे बघणाऱ्याला ताट भरलेले दिसावे. ऑगस्टमध्ये आपल्या महिला मंडळाने तिचा सत्कार केला. 'एवढ्या कोवळ्या वयात एवढा संयम' असे मी स्वतः माईकवर बोलले आणि गुलाबाचे फूलही मीच दिले. फूल देताना तिचा हात माझ्या हातात आला. बर्फासारखा गार, नखांवर निळसर छटा. आयुष्यभर मी लोकांच्या नाड्या पाहिल्या. त्या दिवशी मी फूल दिले आणि हात सोडून दिला.

आश्विन पौर्णिमेला, परित्राणपाठ चालू असताना, ती या इथेच, खांबाजवळ कोसळली.

घरी नेऊन कपडे सैल केले तेव्हा वहिनीला आणि मला ते शरीर दिसले. दंडावर आणि पाठीवर तान्ह्या बाळाला असते तशी मऊ लव आली होती. नाडी मिनिटाला ५० च्याही खाली. पाळी चार महिन्यांपासून बंद. वहिनीला वाटत होते, अभ्यासाचे टेन्शन. वजनाचा आकडा मी सांगणार नाही. या आजारातली मुले आकड्यांची आपसांत स्पर्धा करतात, हे मला नंतर कळले. ऐकणाऱ्यांत असे एखादे लेकरू असेल तर तो आकडा त्याच्या डोक्यात घर करून बसेल.

आमची आई, म्हणजे तिची आजी, तेव्हा जे बोलली ते आपल्यातल्या कुठल्याही म्हातारीने बोलले असते. "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडून सुकडी खाल्ली, चार लेकरं जगवली, आन् ही भरलं ताट सारती! माज आलाय माज." भगिनींनो, आपल्या समाजाला भाकरीची किंमत कोणी शिकवायची गरज नाही. शिळ्या तुकड्यासाठी ज्यांनी दाराबाहेर उभे राहून हात पसरले, त्यांची आपण नातवंडे. आपल्या घरातल्या मुलीने अन्न नाकारले तर ते काळजाला लागते, अपमान वाटतो. आणि म्हणूनच हा आजार आपल्या घरात ओळखू येत नाही. एक तर आपण त्याला शील म्हणतो, नाहीतर माज म्हणतो.

तर हा आजार आहे. १८७३-७४ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर लासेग यांनी त्याचे वर्णन लिहून ठेवले, आणि गल यांनी दिलेले अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव आजही चालते. नावाचा अर्थ भूक नसणे असा होतो, पण ते नाव फसवे आहे. भूक असते, भयंकर असते. तिच्यावर मन पहारा ठेवते. दुसरा प्रकार बुलिमियाचा. त्यात एका बैठकीला अफाट खायचे आणि मग घशात बोट घालून ओकायचे, किंवा जुलाबाच्या गोळ्या घ्यायच्या. १९७९ साली लंडनच्याच जेराल्ड रसेल यांनी तो वेगळा दाखवून दिला. तिसऱ्यात खाण्याचा झटका येतो, पण उलटी काढत नाहीत. रात्री सगळे निजल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डबे रिकामे करणाऱ्या आणि सकाळी शरमेने बोलू न शकणाऱ्या बाया मी वॉर्डात पाहिल्या आहेत. आपण त्यांना खादाड म्हणतो. मुलग्यांनाही हे आजार होतात. व्यायामशाळेत जाणारा पोरगा घरचा भात तोडतो, अंड्यातला पिवळा बलक काढून टाकतो, एक दिवस जिम चुकली तर रडकुंडीला येतो. त्याच्याकडेही जरा लक्ष ठेवा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुस्तकात लिहिलेले असते की रुग्णाला जाड होण्याची भीती वाटते. आपल्या मुली तसे म्हणतीलच असे नाही. त्या म्हणतात, "पोट फुगतं", "घास उतरत नाही", "जेवलं की मळमळतं". मग आपण पोटाच्या डॉक्टरांकडे जातो. आम्हीही गेलो.

त्या तीन महिन्यांची हकीकत थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी कोणाला ती वाट पुन्हा तुडवावी लागू नये. नेहमीच्या डॉक्टरांनी सलाईन लावले आणि ताकदीची इंजेक्शने दिली. पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासले, सगळे नॉर्मल. बायकांच्या डॉक्टरांनी पाळी यायच्या गोळ्या दिल्या. पाळी आली, आम्हांला वाटले सुधारली; पण ती गोळ्यांनी आणलेली पाळी, शरीर जिथल्या तिथेच. मग कोणी एक समुपदेशक सांगितले. पाटी मोठी, फी मोठी. त्यांनी आरशासमोर उभे राहून 'मी आनंदी आहे' असे रोज २१ वेळा म्हणायला सांगितले आणि सोबत आहाराचा तक्ता दिला: सकाळी मोड आलेले मूग, रात्री सूप, तूप-भात बंद. पोर घरी आली ती खुशीत. तिच्या उपाशी राहण्याला आता चिठ्ठी मिळाली होती. दरम्यान एका नातेवाइकाने वहिनीच्या हातात मंतरलेला दोरा ठेवला. बावीस प्रतिज्ञा घेतलेले घर आमचे. पण आईचे काळीज, तिने तो उशीखाली ठेवला. मी तिला दोष देत नाही. डॉक्टरांच्या चार दारांतून माणूस रिकाम्या हाताने परत आला की पाचवे दार असेच असते.

आणि आता ते समासातले. डिसेंबरात एके दिवशी तिच्या कपाटात, पुस्तकांच्या मागे, मला भाकरी सापडली. आठ-दहा दिवसांच्या भाकरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बुरशी आलेल्या. मी तिच्या तोंडात मारली. जोरात मारली. लिहिताना मी 'रागावले' एवढेच लिहिले होते. मारल्यावर ती रडली नाही, म्हणाली, "आत्या, मला पण नाही कळत मी असं का करते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने आम्ही तिला मुंबईतल्या महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेलो, मानसोपचार विभागाच्या ओपीडीत. खरे तर हे आम्ही पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते. केले नाही, कारण भीती. आपल्याकडे भांडणात लोक सहज म्हणतात, 'ह्याला ठाण्याला पाठवा.' मानसोपचार म्हटले की वेड्यांचे इस्पितळ, मग पोरीचे लग्न कसे होणार, हे सगळे भाऊ बोलून दाखवत नव्हता, पण त्याच्या चेहऱ्यावर होते. त्या ओपीडीत एक शिकाऊ डॉक्टरीण होती, आमच्या पोरीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. तिने आम्हांला बाहेर बसवले आणि पोरीला एकटीला विचारले, "दिवसभरात जेवणाचा विचार किती वेळ मनात असतो?" पोर म्हणाली, "झोपेतसुद्धा." इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

या प्रश्नामागे एक मोठा प्रयोग आहे. दुसरे महायुद्ध संपत आले होते तेव्हा, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते तरुण स्वखुशीने आले होते. शस्त्र धरायला नकार दिलेली माणसे होती ती. काही महिन्यांतच ती माणसे दिवसरात्र अन्नाबद्दल बोलू लागली, पाककृतींची पुस्तके वाचू लागली, ताटात पदार्थ कालवत तासन्‌तास बसू लागली, चिडकी आणि उदास झाली. त्यांना आधी मनाचा कसलाही आजार नव्हता. म्हणजे उपासमारच मनाला असे करून टाकते. मन बिघडले म्हणून खाणे सुटते हे खरे. पण खाणे सुटल्यामुळे मन आणखी बिघडते, हेही तितकेच खरे. उपाशी मेंदूला नुसते समजावून काही उपयोग नसतो. आधी अन्न.

पण ते अन्नसुद्धा जपून द्यावे लागते. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले तर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने खाली येते, आणि हृदय बंद पडू शकते. युद्धकैद्यांची सुटका झाल्यावर काही जण असेच जेवता जेवता गेले. म्हणून आमच्या पोरीला आधी मेडिसिनच्या वॉर्डात १९ दिवस ठेवले, रोज रक्त तपासत थोडे थोडे अन्न वाढवले. मनाच्या आजारांमध्ये जिवाला सर्वांत घातक जे काही आजार आहेत, त्यांत हा मोडतो. तेव्हा मूल चक्कर येऊन पडले, छातीत धडधडते, नाडी फार मंद आहे, उलटीत रक्त आहे, किंवा जीव नकोसा झाला असे बोलते आहे, तर कोणा तज्ज्ञाची वेळ मिळण्याची वाट बघू नका. सरळ मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

इथे मला सिद्धार्थ गौतमाची आठवण होते, आणि ती पोरीलाही झाली. उरुवेलेला सहा वर्षे त्याने देह वाळवला. पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाताला लागे, असे वर्णन पाली ग्रंथात आहे. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा भाग घेतला आहे. देह झिजवून ज्ञान होत नाही हे कळल्यावर गौतमाने सुजाताने दिलेले अन्न घेतले. आपण दर वैशाख पौर्णिमेला खीरदान करतो आणि तिथेच थांबतो. पुढचे विसरतो. त्याच्याबरोबरचे पाच परिव्राजक तेव्हा त्याला सोडून गेले. का? तर तो जेवला म्हणून! उपाशी होता तोवर ते त्याला मान देत होते. आम्ही त्या पाच जणांसारखेच वागलो. पोर उपाशी होती तोवर फूल दिले.

वॉर्डात असताना तिचा हट्ट होता की संध्याकाळचे दूध घेणार नाही, शील मोडेल. नर्सबाई हरल्या, मी हरले. मग मी भन्तेजींना फोन केला आणि ते स्वतः आले. त्यांनी उपदेश केला नाही. विनयपिटकातली हकीकत सांगितली: श्रावस्तीला शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले. खाल्लेले ओकायचे, कृश झाले, अंगावर शिरा दिसू लागल्या. तथागतांनी ते पाहिले आणि त्यांना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे घ्यायला परवानगी दिली. आधी दुपारच्या आत. तेवढ्याने भागेना, तेव्हा वेळ-अवेळ कधीही घ्या म्हणाले. नियम करणाऱ्यानेच आजाऱ्यासाठी नियम बाजूला ठेवला. भन्तेजी तिला म्हणाले, "तुला मी आज पंचशील देतो. अष्टशील तुझे डॉक्टर सांगतील तेव्हा." तिने त्या दिवशी दूध घेतले. अर्धाच पेला, पण घेतले.

कोणी मला असेही सुचवले की राजा प्रसेनजिताची गोष्ट तिला सांगा, तो फार खायचा आणि तथागतांच्या उपदेशाने त्याचे खाणे मापात आले. गोष्ट खरी आहे, संयुत्त निकायात आहे. पण ती धडधाकट राजाची गोष्ट आहे. जो भरल्या पोटी जड झाला त्याला मिताहार सांगायचा. हाडांवर आलेल्या मुलीला, किंवा रात्री झटक्याने खाऊन सकाळी उपाशी राहणाऱ्या बाईला तीच गोष्ट सांगितली तर आपण तिला पुन्हा त्याच खड्ड्यात ढकलतो.

घरी आल्यावर खरा उपचार सुरू झाला. दर बुधवारी त्याच रुग्णालयात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे जायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी आजीसकट सगळ्या घराला बोलावले. त्यांची पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून आलेली. १९८७ साली तिथे अभ्यास होऊन दिसले, की ज्यांचा आजार १९ वर्षांच्या आत सुरू झाला आणि तीन वर्षांपेक्षा जुना नाही, अशा मुलांना घरच्यांना सोबत घेऊन केलेल्या उपचाराचा जास्त फायदा होतो. म्हणजे दिवस घालवायचे नाहीत, हे पहिले. आणि दुसरे म्हणजे घरच्यांना आरोपी करायचे नाही, कामाला लावायचे. ताट आई वाढणार. किती, काय, यावर मुलीशी वाद नाही. दिवसातून तीन जेवणे आणि मध्ये तीन वेळा काहीतरी. जेवताना कोणीतरी शेजारी बसणार, आणि जेवल्यावर तासभर तिला एकटे सोडायचे नाही, न्हाणीतसुद्धा नाही. भावाने कंपनीत रात्रपाळी मागून घेतली. दुपारच्या जेवणानंतरचा तास माझा. आम्ही कॅरम खेळायचो. ती माझ्यापेक्षा चांगली खेळते.

सोपे नव्हते. एका घासाला चाळीस मिनिटे. भाकरीला लावलेले तूप ती ओढणीला पुसायची. 'तुम्ही मला मारताय' म्हणून ओरडायची, शेजारच्या खिडक्या उघडायच्या. मॅडमनी शिकवले होते की ओरडतो तो आजार, पोर वेगळी. हे सर्वांत आधी कोणाला कळले असेल तर आमच्या आईला, जी माज म्हणाली होती. ती एकदा म्हणाली, "दुष्काळी कामावर मुकादम हजेरी मांडंल तरच सुकडी मिळायची. हिच्या डोस्क्यात तसाच मुकादम बसलाय. हजेरीच मांडत न्हाई हिची." त्या दिवसापासून म्हातारी तिच्या शेजारी बसून तेवढेच ताट घेऊन गुपचूप जेवायची. एक शब्द बोलायची नाही.

बारावीची परीक्षा त्या वर्षी सोडून दिली. आमच्या घरात शिक्षण म्हणजे काय हे मी आपल्याला सांगायला नको. भाऊ त्या रात्री बाबासाहेबांच्या फोटोसमोर बराच वेळ बसून होता. मॅडम म्हणाल्या होत्या, परीक्षा दरवर्षी येते.

आता डॉक्टर शोधायचा कसा, हे लोक मला नेहमी विचारतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, केसपेपरचे नाममात्र पैसे लागतात. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर भेटतात. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो, गेले की दाखल करून घेतात असे मुळीच नाही. कुठे जावे सुचतच नसेल तर १४४१६ हा फोन लावा. टेली-मानस नावाची केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलतात.

खासगीत जायचे तर पाटी नीट वाचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो औषधे देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही, बोलण्यातून उपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असायला हवी. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आपण भाजी घेताना मेथीची जुडी उलटीपालटी करून बघतो, इथे तर पोर सोपवायची आहे. 'समुपदेशक' या पाटीमागे उत्तम शिकलेली माणसेही असतात आणि चार आठवड्यांचा कोर्स केलेलीही असतात. मी सरळ विचारते: जेवण सुटलेले रुग्ण याआधी तुम्ही पाहिलेत का? वजन आणि रक्त कोण तपासणार? घरच्यांना बोलावणार का? 'वजनबिजन आम्ही बघत नाही, फक्त मन बघतो' असे कोणी म्हणाले तर तिथून उठा. महिन्याभरात ठणठणीत करतो म्हणाले तरी उठा. आणि उपचार करणाऱ्याशी पोरीचे जमत नसेल तर दुसरा बघण्यात कोणाचा अपमान नाही. फक्त मधले आठवडे रिकामे जाऊ देऊ नका.

बुलिमियाची वाट थोडी वेगळी आहे. त्यात बोलण्याच्या उपचाराची एक ठरावीक पद्धत आहे, ऑक्सफर्डच्या फेअरबर्न यांनी बसवलेली. साधारण २० भेटी लागतात, रोजच्या खाण्याची वही ठेवावी लागते, आणि फ्लुओक्सेटीन नावाचे औषधही पुष्कळांना उपयोगी पडते. अ‍ॅनोरेक्सियात मात्र वजन वाढवणारी जादूची गोळी नाही. तिथे जेवण हेच औषध.

पैशाची बाजू. खासगीत एका भेटीला हजार-दीड हजार सहज जातात, आणि भेटी दोन-चारात संपत नाहीत. म्हणून मी सरकारी दार आधी सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा त्याने आपला हक्क केला, आणि आरोग्य विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखेच धरले पाहिजे, असे त्यातले कलम २१ सांगते. भावाच्या विमा कंपनीने आधी नाही म्हटले होते. आम्ही त्या कलमाचा उल्लेख करून अर्ज दिला, तीन खेपा घातल्या, तेव्हा पैसे मिळाले. नाव गुप्त राखण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. कॉलेजला, पाहुण्यांना सांगायचे की नाही हे डॉक्टर ठरवत नाहीत.

पोर आज कशी आहे? २०२४ ला बारावी झाली, आता पुढचे शिकते आहे. पाळी गोळ्यांशिवाय सुरू झाली तेव्हा वहिनीने शिरा केला होता; तिने खाल्ला, पण रडत खाल्ला. मधे एकदा, परीक्षेच्या आधी, पुन्हा घसरली. पण दोन आठवड्यांत आम्हांला कळले, आणि तिनेच सांगितले. लग्नाच्या पंगतीत ती अजून जेवत नाही, घरून जेवून जाते. बुधवार आता महिन्यातून एकदाच असतो.

जाता जाता महिला मंडळाकडे आणि समितीकडे माझे थोडे मागणे आहे. या वर्षावासापासून १८ वर्षांखालच्या मुलामुलींना अष्टशील देण्याआधी आईवडिलांशी बोलावे, आणि कोणी किती उपवास केले याचा सत्कार बंद करावा. भन्तेजींची याला संमती आहे, मी विचारून घेतले आहे. पाण्याच्या टाकीशेजारच्या फलकावर १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. आणि ज्यांना रुग्णालयात एकटे जायची भीती वाटते त्यांच्यासोबत मी जाईन. बुधवारी सकाळी ७-१० च्या लोकलला मी बायकांच्या डब्यात असते, सवय झाली आहे.

बाहेर भोजनदानाची पंगत मांडली आहे. वाढणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगते, ताटावर बसलेल्या कोणालाही 'बारीक झालीस' म्हणू नका, 'भरलीस' तर मुळीच नको. खीर आमच्या आईने केली आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.